भजनी मंडळातला इंपोर्ट

सिंगापुरात निर्माल्य ही मोठीच अडचण आहे. पाण्यात सोडावे तर दंडाची भीती, कचऱ्यात टाकावे तर मन धजत नाही. म्हणून आमच्या टॅम्पिनीसच्या घरी ते कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत जिरवले जाते. आपल्या कुंड्या भरल्या, की शेजाऱ्यांच्या. किश्श्यांचेही तेच. वेळच्या वेळी कोणाच्या तरी कानात जिरवले नाहीत तर साठत जातात, आणि टाकवत तर मुळीच नाहीत. आमच्या रविवारच्या भजनी मंडळात असे जे साठले, त्यांतले निम्म्याहून अधिक टेरेन्सचे आहेत.

टेरेन्स अमेरिकन. येथल्या एका बास्केटबॉल क्लबाने त्याला पगार देऊन खेळायला आणले होते आणि आमच्या शेजारचा फ्लॅट राहायला दिला होता. आयपॉड आणि कॉलिंग कार्ड यांचे ते दिवस. तो बोलत असे इंग्रजीत, मी सांगतो आहे मराठीत. शिव्या तो देत नसे, त्यामुळे भाषांतरात काही गळालेले नाही.

*

पहिल्या रविवारी भजन रंगात आले असताना दाराची बेल वाजली. दार उघडले तर समोर फक्त छाती. चेहरा पाहण्यासाठी मला मान वर करावी लागली, आणि तो दिसावा म्हणून त्याला खाली वाकावे लागले. वाकताना दाराचे तोरण त्याच्या कपाळावर आले. त्या अवस्थेत तो म्हणाला, "सर, संध्याकाळी माझा सामना आहे. दुपारी मला झोपावं लागतं. हे किती वेळ चालेल?"

मी म्हणालो, "आरती होईपर्यंत."

"आरती कधी होते?"

"भजन संपल्यावर."

त्याने यावर बराच विचार केला. मग बूट काढले आणि आत येऊन बसला. आरतीनंतर आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला. त्याच्या तळहातावर तो इतका लहान दिसू लागला की त्यांनी लाजून पुन्हा वाढला. असे चार वेळा झाले.

पुढच्या रविवारी तो आपट्यांच्याही आधी हजर! म्हणाला, "काकू, आज आवाज होणार आहे ना?"

*

आपटे म्हणजे आमचे पखवाजी. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले आणि निवृत्तीनंतर इतरांचा ताल तपासू लागले. टेरेन्सच्या हाती टाळ दिल्यापासून त्यांचे मन पखवाजावरून उडाले. कारण आम्ही जिथे टाळ वाजवू, तिथे हा गप्प. आणि आम्ही गप्प झालो, की याचा टाळ वाजे.

"अहो, त्याला सांगा कोणीतरी! सम कुठे, हा कुठे!"

मी सांगितले. टेरेन्स म्हणाला, "काका, आमच्या गावच्या चर्चमध्ये टाळ्या अशाच वाजवतात. माझ्या आजीने मांडीवर घेऊन शिकवलंय. आता हात ऐकत नाहीत."

आपट्यांनी तीन रविवार डोळे मिटून सहन केले. चौथ्या रविवारी भजन संपल्यावर न्यायनिवाडा करावा तशा स्वरात म्हणाले, "जो दर वेळी एकाच जागी चुकतो, त्याला चुकला असं म्हणता येत नाही. राहू दे त्याला."

त्यानंतर एखाद्या रविवारी टेरेन्स बाहेरगावी सामन्याला गेला, की आपटेच कुरकुरत, "आज मधल्या जागा रिकाम्या वाटतात हो."

*

त्याच्या धंद्याची माहिती आम्हांला कांबळ्यांनी करून दिली. कांबळे आंग मो किओच्या एका कारखान्यात इंजिनियर. घरी बुद्धवंदना करणारे. आमच्या भजनाला बसत नसत, मात्र भजन संपण्याच्या सुमारास गप्पांना आणि पिठल्याला न चुकता येत. कॉलेजात ते बास्केटबॉल खेळलेले होते.

"काका, प्रत्येक टीमला परदेशी खेळाडू थोडेच घेता येतात. त्यांना इंपोर्ट म्हणतात."

"इंपोर्ट? म्हणजे खजुरासारखा?" सौभाग्यवतींनी विचारले.

"खजूर टिकतो, काकू. टीम हरली की लोकल खेळाडूला समजावतात, आणि इंपोर्टला बदलतात."

टेरेन्स पिठले खात होता. आम्ही काय बोलतो आहोत ते त्याला बरोबर कळले. तो म्हणाला, "आठ देशांत खेळलो, काका. फिनलंडला बर्फात, लेबनॉनला, फिलिपिन्सला दोनदा. एकाही ठिकाणी मोसमाचा शेवटचा सामना खेळलो नाही. कुठे गुडघा, कुठे कोच बदलला, कुठे दुसरा स्वस्तात मिळाला. शेवटच्या सामन्यानंतर सगळे मैदानाला फेरी मारतात, लोक उभे राहतात. ते मी फक्त टीव्हीवर पाहिलंय. आता चौतीस वर्षांचा आहे. एकदा तेवढी फेरी मारायची आणि घरी जायचं."

सौभाग्यवतींनी मला हळूच विचारले, "फेरी म्हणजे प्रदक्षिणाच ना हो?"

मी म्हणालो, "जवळजवळ."

"मग एवढं काय मागितलं त्याने!" असे म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

*

मंडळाने सामना पाहायला जावे, हा ठराव एकमताने झाला. टाळ बरोबर घ्यावेत, हाही.

दाराशी रखवालदाराने टाळ उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "अंकल, धिस वन फॉर व्हॉट?" आपटे म्हणाले, "फॉर गॉड." त्याने सोडले.

या खेळात एक प्रसंग असा येतो, की सारे थांबतात आणि एकच खेळाडू एका रेषेवर उभा राहून शांतपणे चेंडू टाकतो. टेरेन्स त्या रेषेवर आला. संपूर्ण प्रेक्षागृह स्तब्ध झाले. आमच्या मनात आले, आपला माणूस एकटा उभा आहे, सगळ्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले आहे. आता आपण नाही तर कोण! आम्ही उभे राहून कडकडून टाळ वाजवले आणि नामघोष केला.

चेंडू बाहेर गेला. दुसराही.

थोड्या वेळाने प्रतिपक्षाचा खेळाडू त्याच रेषेवर आला. आता सारे प्रेक्षक ओरडू लागले, शिट्ट्या मारू लागले. आम्हांला तो असभ्यपणा वाटला. पाहुण्याच्या एकाग्रतेचा मान राखून आम्ही तेवढे डोळे मिटून बसलो. त्याचे दोन्ही चेंडू आत गेले.

सामना थोडक्यात हातचा गेला. दुसऱ्या दिवशी टेरेन्स आला आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, "काका, आपण कोणाच्या बाजूचे?"

कांबळ्यांनी मग खुलासा केला, की आपल्या माणसाच्या वेळी शांत राहायचे आणि शत्रूच्या वेळी गोंगाट करायचा. आपटे उसळले, "शत्रूच्या वेळी नाम घ्यायचं? मग पुण्य कोणाला लागेल?"

प्रश्न रास्त होता. मंडळाची बैठक बसली. अखेर असे ठरले, की शत्रूच्या वेळी नुसते टाळ वाजवावेत, नाम घेऊ नये. आणि टेरेन्सच्या वेळी नाम घ्यावे, पण मनातल्या मनात.

पुढचे तीन सामने क्लब जिंकला. श्रेयाबद्दल आपट्यांनी कधी जाहीर वाच्यता केली नाही.

*

मोसम उतरणीला लागला आणि टेरेन्सचा उजवा गुडघा सुजला. सौभाग्यवतींचा डावा पूर्वीपासूनच दुखत असे. योगायोगाने दोघांनाही नोव्हेना भागातल्या एकाच डॉक्टरांकडे जायचे होते, म्हणून दोघे एका टॅक्सीने गेले. टेरेन्स मागच्या सीटवर आडवा बसला, सौभाग्यवती पुढे.

डॉक्टरांनी सौभाग्यवतींना सांगितले, "तुमच्या वयाच्या मानाने गुडघा चांगला आहे." टेरेन्सला सांगितले, "तुमच्या वयाच्या मानाने हा गुडघा यांचा असायला हवा होता."

परतीच्या वाटेवर टॅक्सीत सौभाग्यवतींनी त्याचा ताबा घेतला. रोज सकाळी त्या त्याच्या गुडघ्याला गावाकडून आणलेले तेल चोळू लागल्या. लवकरच खेळाडूंच्या खोलीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. क्लबच्या मॅनेजरांनी, मिस्टर लिम यांनी, त्याला विचारले, "टेरेन्स, हा वास कसला?"

टेरेन्स म्हणाला, "काकूंचा."

हे ऐकल्यावर सौभाग्यवती दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तेल मात्र चोळत होत्या.

*

शेवटचे दोन सामने उरले होते. क्लब लागोपाठ हरत होता, टेरेन्स अर्धा वेळ बाकावर बसून असे. कांबळ्यांनी एका संध्याकाळी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितले, "काका, ऐकलंय ते चांगलं नाही. नवा इंपोर्ट येतोय."

"पण दोनच तर राहिलेत!"

"म्हणूनच."

त्याच रात्री जेवताना टेरेन्सने विचारले, "काका, तुमच्या देवापाशी नेमकं मागायचं कसं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे मागत नाहीत. नाम घेत जागेवर उभं राहायचं. द्यायचं ते तो देतो."

तो हसला. "कोचही हेच सांगतो. चेंडू मागू नकोस, जागेवर उभा राहा."

"मग?"

"आठ देशांत उभा राहिलोय, काका."

सौभाग्यवतींनी ताकाचा पेला पुढे केला.

*

त्यानंतरच्या रविवारी आमच्या घरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड नामस्मरण होते. त्याचा नियम असा: एकाने गळ्यात वीणा घालून देवापुढे उभे राहायचे. वीणा जमिनीला टेकवायची नाही, नाम थांबवायचे नाही. आपला पहारा संपला, की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि देणाऱ्याने घेणाऱ्याच्या, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचे. त्यात लहानमोठा कोणी नसतो.

दुपारचा पहारा टेरेन्सने मागून घेतला होता. तो उभा राहिल्यावर छताचा पंखा बंद करावा लागला. पंखा त्याच्या डोक्याला लागला असता. आम्ही सारे घामाने निथळत होतो. तो एका लयीत तार छेडत, नाम घेत उभा होता, आणि त्याच्यापुढे वीणा खेळण्यातली वाटत होती. पुढचा पहारा आपट्यांचा. ते आतल्या खोलीत घोरत होते.

बेल वाजली. दारात मिस्टर लिम. त्यांच्या मागे टेरेन्सहून चार बोटे उंच, बाविशीतला एक अमेरिकन. दोन्ही हातांत दोन बॅगा.

लिमनी अवघडून हळू आवाजात विचारले, "सॉरी हं, अंकल. टेरेन्स हिअर ऑर नॉट? फ्लॅटची किल्ली पाहिजे. त्याचं तिकीट मी आणलंय. आज संध्याकाळचं."

घरात कोणालाही काही सांगावे लागले नाही. टाळ आपोआप मंद झाले. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. टेरेन्सने मान वळवून त्या मुलाकडे पाहिले. नाम थांबले नाही.

मी वीणा घ्यायला उठलो. त्याने मानेनेच मला नको म्हटले आणि हनुवटीने त्या मुलाला जवळ बोलावले. मुलगा बॅगा घेऊनच आत निघाला.

"शूज," सौभाग्यवती म्हणाल्या.

त्याने बूट काढले, बॅगा ठेवल्या आणि येऊन उभा राहिला. टेरेन्सने आपल्या गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली. त्याचे बोट धरून तारेवर ठेवले, दोनदा छेडून दाखवले. मग दुखरा गुडघा जपत, एका हाताने भिंतीचा आधार घेत खाली वाकला आणि त्याच्या पायांना हात लावला.

मुलगा दचकून मागे सरला. "मॅन, हे काय करतोस?"

"आता तू," टेरेन्स म्हणाला.

मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. तोही वीणेसकट वाकला.

टेरेन्सने खिशातून किल्ली काढून लिमच्या हातावर ठेवली. सौभाग्यवतींनी दिलेला प्रसाद तोंडात टाकला. दाराशी बसून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला, तेव्हा आतून त्या मुलाने घाबऱ्या आवाजात हाक मारली, "अरे, हे मी किती वेळ धरून उभं राहायचं?"

टेरेन्स नाडीची गाठ घट्ट करत म्हणाला, "पुढचा माणूस येईपर्यंत."