देवाच्या भांड्यांबरोबर घासलेला निळा दगड

खून-दरोड्यांचे पंचनामे मी विसरत चाललो, पण वलगावकडच्या त्या म्हातारीचा निळा दगड काही डोक्यातून जात नाही.

ती ठाण्यात शिरली ती थेट माझ्या टेबलापाशी. "साहेब, माह्या पोराचा दगड चोरीले गेला!"

आमचे शिपाई हसले. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले. तिचा एकुलता एक मुलगा परदेशात जस्ताच्या खाणीवर होता. शेवटच्या रजेत त्यानं तो दगड आणला, आणि परत गेल्यावर तापानं तिकडेच गेला. म्हातारीनं दगड देव्हाऱ्यात ठेवला होता.

गुन्हा दाखल न करता मी अर्ज चौकशीला घेतला आणि अमरावती-अकोल्याच्या सराफांना वर्णन कळवलं. अकोल्याच्या एका सोनाराचा फोन आला. एक बाई असाच दगड लॉकेटात बसवायला घेऊन आली होती. बाई कोण, तर म्हातारीचीच सून! नवरा गेल्यावर ती माहेरी अकोल्याला राहत होती.

तिला दगडासकट ठाण्यात बोलावलं, म्हातारीलाही बसवून घेतलं. महिला शिपायासमोर विचारपूस केली, पण बाई हलेना. "त्याईनं दोन आणले होते. हा माहा हाय."

आता खरंखोटं कसं करायचं? कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. "हेमिमॉर्फाइट. जस्ताचं खनिज, अंगात पाणी धरून असतं. यातून जस्त काढतात, पण असा निळा मिळाला तर हौशी लोक काचेच्या कपाटात ठेवतात. अंगठीला मऊ पडतो आणि आंबट तर अजिबात सोसत नाही. ही एक बाजू बघा, पार मंद झालीय."

म्हातारी पटकन म्हणाली, "देवाची भांडी चिंचेनं घासतो ना जी, त्याच्यासंगं यालेबी घासत होती. देवापाशीच राहे ना थो!"

सुनेचा बांध फुटला. "महालक्ष्म्याच्या जेवणाले आली तवा मीच उचलला. त्यायच्या हातचं काईच नाई राह्यलं माह्यापाशी."

म्हातारी म्हणाली, "साहेब, अर्धा-अर्धा करून द्या."

प्राध्यापकांनी मान हलवली. "चिरायला गेलो तर भुगा होईल, आजी."

म्हातारीनं दगड पदरात गुंडाळला. मग सुनेला म्हणाली, "मंग तूच चाल घरी. दगड देवापाशी राहीन, तू माह्यापाशी."

सुनेनं डोळे पुसले आणि सासूची पिशवी उचलली. 'तक्रार नाही' असा जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला.

चोरी म्हटली की आधी हाव शोधायची, ही माझी सवय त्या दिवशी मोडली. आता निवृत्त आहे, बायकोही राहिली नाही. तिची फार आठवण येते. परवा लेक आली, सगळं घर धुंडाळलं आणि म्हणाली, "बाबा, आईचा चष्मा कुठं गेला हो? मला पाहिजे होता."

"काय माहीत," म्हणालो. तो माझ्या उशाखाली आहे.