कळ आधी की घंटा

आमचं वर्कशॉप साताऱ्याच्या एमआयडीसीत, एका पिठाच्या गिरणीला लागून होतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. साखर कारखान्यांतल्या वाफेच्या झडपा चालवणारी यंत्रं आम्ही बनवत असू आणि त्यांचं कर्नेल, म्हणजे कुठलं काम आधी आणि कुठलं मागून हे ठरवणारी यंत्राच्या पोटातली मूळ आज्ञावली, आमचे साहेब स्वतः लिहीत. ते सरकारी नोकरी सोडून आलेले, पण सरकार त्यांना सोडून गेलं नव्हतं. त्यांनी एक ओळ बदलली तरी तिचा कागद छापून माझ्या टेबलावर येई. मी तो वाचायचा, चुका काढायच्या आणि पटलं तर खाली लाल शाईने ‘पाहिले’ लिहायचं. ‘पाहिले’ नसेल तर बदल यंत्रात जात नसे. चुका काढण्याचा पगार मिळणारी सांगलीची सून म्हणून सासरचे मला चिडवत.

त्या कर्नेलमध्ये घटनांचा माग ठेवायची सोय होती. कळ दाबली, घंटा वाजली, झडप उघडली, की प्रत्येक गोष्ट वेळेसकट नोंदली जाई.

मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा साहेबांनी या माग ठेवण्यात एक बदल केला आणि गळिताचा हंगाम तोंडावर होता म्हणून तो तसाच फलटणकडच्या एका कारखान्यात गेला. माझ्या टेबलावर कागद मात्र ठेवलेला होता. रजा संपवून आले तेव्हा तो वाचायला घेतला. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

पण तोवर त्या कारखान्यात एक माणूस मेला होता.

वाफेची नळी साफ करायला आत जाणाऱ्याने बाहेरची किल्ली फिरवायची, की केबिनमध्ये घंटा वाजे. घंटा ऐकून केबिनमधला माणूस मोठ्याने हाक देई आणि ती ऐकूनच आत शिरायचं, अशी त्यांची रीत होती. त्या दिवशी केबिनमध्ये थोरला भाऊ होता, पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, आणि नळीपाशी धाकटा. थोरल्याने वाफ सोडायची कळ दाबली; वाफ नळीत पोचायला काही क्षण लागत, आणि ती पोचली तेव्हा धाकटा आत होता. थोरला सांगत होता, कळ आधी दाबली, घंटा मागून झाली. आमच्या यंत्राचा छापील कागद सांगत होता की घंटा आधी, म्हणजे भाऊ आत जातोय हे कळूनही त्याने वाफ सोडली. कागदापुढे माणसाचं कोण ऐकतो? त्याला कामावरून थांबवलं होतं. धाकट्याच्या बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मी बदल वाचत गेले आणि दुसऱ्या पानावर थांबले. घंटेची वेळ ती वाजताक्षणी लिहिली जात होती. कळेची नोंद मात्र यंत्रावरचा भार कमी व्हावा म्हणून रांगेत टाकली होती आणि वेळ लिहिली जाई ती तिचा नंबर लागल्यावर. टपाल सोमवारी यावं, पोस्टमास्तरांनी पिशवी बुधवारी उघडावी आणि शिक्का बुधवारचा मारावा, तशातली गत. मी साहेबांना बोलावलं. त्यांच्यासमोर यंत्राला भरपूर काम लावलं, कळ दाबली आणि लगेच किल्ली फिरवली. छापून आलं, घंटा आधी.

साहेबांनी कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले की हे बाहेर गेलं तर पुढच्या हंगामात आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही, तेव्हा बदल गुपचूप दुरुस्त करावा आणि जुन्यावर ‘पाहिले’ लिहून टाकावं. मला त्यांचा फार राग आला. मी बदलाच्या कागदावर लिहिलं, ‘वेळ चुकीची. यावरून क्रम ठरवू नये.’ खाली सही केली. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ते स्वतः कारखान्यात गेले. हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

त्यानंतरच्या आठवड्यात थोरला भाऊ वर्कशॉपवर आला. उंच माणूस, दाढी गुळगुळीत केलेली. बसा म्हटलं तरी आधी उभाच राहिला.

“बाई, म्हंजी कळ आधी, ह्ये खरं ठरलं व्हय?”

मी म्हटलं, तसं काही ठरलेलं नाही. त्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही, एवढंच ठरलं. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तो स्टुलावर बसला.

“कळ आधी आसंल, तर त्यो हाकंला थांबला न्हाई.”

मग त्यानेच सांगितलं की दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, त्यामुळे हाकेचं त्यांनी केव्हाच मनावर घेणं सोडलं होतं. घंटा दिली की दादाला कळलंच, असं धाकटा धरून चालायचा. आणि दादाही त्याला कधी हटकत नसे.

“माझ्या जबाबात लिवलंय, कळ आधी दाबली म्हनून. सायबास्नी सांगून तेवढं काढायला लावा. मला ठावं न्हाई, आसं लिवा.”

“पण तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“व्हय.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, निदान भावजयीला तरी खरं सांगाल की नाही.

“नगं. माझ्यावर रागावली हाय, त्येच बरं. मी दिसतोय तिला, शिव्या घालाय येतंय. मेलेल्या मानसावर रागावून ती कुटं जाईल?”

मी आमच्या साहेबांना निरोप दिला, त्यांनी तो कारखान्यात पोचवला. जबाबातली ती ओळ निघाली आणि क्रम सांगता येत नाही म्हणून कारखान्याने त्याला कामावर परत घेतलं. दुरुस्त केलेला बदल माझ्याकडे आला तेव्हा मी तो दोनदा वाचला, यंत्रावर करून बघितला आणि खाली ‘पाहिले’ लिहिलं. तेव्हापासून आमच्या यंत्रात कळ आधी दाबली तर ती आधीच दिसू लागली. त्याच्या भावजयीला मात्र आजही वाटत असेल, की त्या दिवशी घंटा आधी वाजली होती.