पाणी पिवळं झालं

बायकोपेक्षा पाण्यावर जास्त जीव असलेला अख्ख्या दिल्लीत एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा मावसभाऊ निघावा. दादाची उभी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत झाली. यमुनेचं गढूळ पाणी तुरटीने निवळायचं, वाळूतून गाळायचं, शेवटी क्लोरिन घालायचं, हे तो इतक्या मायेने सांगायचा की वाटावं, पुरणाची कृतीच चाललीय. आर. के. पुरमला आमच्याकडे बारशाला आला, तर बाळाला बघायच्या आधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून आला. घरोघरी आरओ मशीन आलं, तरी याच्या खिशात आपली काचेची नळी आणि औषधाची बाटली. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की क्लोरिन शाबूत, पाणी निर्धोक. पिवळा रंग दिसला की स्वारी खूश. वहिनी म्हणायची, "लग्नात माझी हळद बघूनसुद्धा एवढे खुलले नव्हते."

त्याच्या लेकीचं, मुक्ताचं, करोल बागेतल्या एका मराठी मुलाशी आपलं आपणच जुळलं होतं. थोरल्यांनी जाऊन रीतसर बोलायचं तेवढं बाकी होतं. मीही गेले. निघताना वहिनीने बजावलं, "नळी घरी ठेवा." दादा म्हणाला, "बिल्कुल." पण चष्म्यासारखी ती अंगावर असल्याचं त्याला आठवायचंच नाही. मुलाच्या आईने स्वतः पाणी आणलं, आणि या बाबाने त्यांच्यादेखत ते नळीत ओतून थेंब टाकले. पाणी पिवळंधमक. "वा, क्या बात है," म्हणत त्याने नळी कौतुकाने त्यांच्यापुढे धरली. त्याच्या लेखी याहून मोठी स्तुती नव्हती. त्या बाईंचा मात्र चेहरा उतरला. "पाहुण्यांना आम्ही घाण पाणी देतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?" दादा समजावू लागला, तेही पार तुरटीपासून. तो वाळूपर्यंत पोचेतो ट्रे आत गेला होता.

दोन-चार दिवसांनी निरोप आला, "आमच्या पाण्यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांची मुलगी इथे काय नांदणार?" मुलगाही आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. मुक्ता बापाला एका शब्दाने बोलली नाही; बोलली असती तर बरं झालं असतं. बंगळूरला बदली मागून निघून गेली. दादाचं फार वाईट वाटतं मला. अपमान करायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

परवा आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "अगं, फार चांगलं पाणी होतं त्यांचं. तेवढंच सांगायचं होतं मला."

"मग मुक्ताला तरी सांग की हे."

"तिला काय सांगू?" दादा म्हणाला. "त्या घरचं पाणी ती माझ्या आधीपासून पीत होती."