काका दोनला जेवतात

माझे काका एकसष्ट वर्षांचे आहेत आणि दुपारचे दोन वाजेपर्यंत पाण्याशिवाय काहीही पोटात जाऊ देत नाहीत. चहासुद्धा नाही. पहाटे साडेपाचला उठून जिमचं शटर वर करतात, साडेआठ तास लोकांना वजनं उचलायला शिकवतात आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर डबा उघडतात. आमच्या जिममध्ये हल्ली सगळ्यांना याचं फार कौतुक आहे. मला मात्र लहानपणापासून याचा रागच येत आलाय, कारण तो डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

जिम म्हणजे फर्निचरच्या गोदामामागची एक लांबट खोली. तीन बेंच, एक स्क्वॉटचा स्टँड, रंग उडालेल्या लोखंडी प्लेटा, कोपऱ्यात तडा गेलेला आरसा आणि दारावर गोल घड्याळ. मी नऊ वर्षांची असताना एकदा डबा घेऊन लवकर गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं तर काका तिसऱ्या बेंचच्या मागे उभे होते. बेंचवर कुणी नव्हतं. रॉडला एकही प्लेट नव्हती. काकांनी दोन्ही तळहात वर करून रॉडखाली धरले होते आणि हळू आवाजात म्हणत होते, "सावकाश... टेकव... आता लाव जोर." मग ते थांबले आणि तसेच उभे राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी डबा पायरीवर ठेवून धूम ठोकली.

घरी येऊन आईला सांगितलं, "काका रिकाम्या बेंचशी बोलतात." आई शिलाई मशीनवर होती. तिने वर न बघता सांगितलं, "दोन वाजायच्या आधी आत जायचं नाही, कळलं?" भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या बेंचवर मी पुढची दहा वर्षं पाठ टेकली नाही.

माझे वडील त्याच बेंचवर गेले. मी तेव्हा एक वर्षाची होते. मला सांगितलेलं एवढंच, की स्पर्धेसाठी निवड चालू होती, वजन उचलता उचलता हृदय बंद पडलं. काकांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाची बायको आणि मुलगी हाच त्यांचा संसार झाला आणि त्यांनी तो निगुतीने केला, हे मी कितीही चिडले तरी नाकारणार नाही.

आईचं एक वाक्य ठरलेलं होतं. रात्री काकांना वाढताना, महिन्यातून एकदा तरी, ती म्हणायची, "माझ्या हातचं खाऊन गेले हे, तेवढं एक बरं झालं. उपाशी गेले असते तर मला घास गिळवला नसता." काका मान खाली घालून पाणी प्यायचे. मला वाटायचं, बाई गं, किती वेळा तेच ते.

तर असं सगळं आपापल्या जागी होतं. मग आमच्याकडे 'प्रोटीन' आला.

प्रोटीनचं टाइल्सचं दुकान आहे. जन्माच्या वेळी घरच्यांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण त्याच्या तोंडी दुसरा शब्द नसल्यामुळे आम्ही हे ठेवलं. त्याने एक दिवस काकांना विचारलं, "मास्तर, रात्री किती वाजता जेवता?" काका म्हणाले, "दहाच्या आत." प्रोटीनने बोटांवर मोजलं आणि ओरडला, "दहा ते दोन! सोळा तास! मास्तर, तुम्ही इंटरमिटंट फास्टिंग करता!" काकांना तो शब्द धड म्हणताही आला नाही.

त्याने काकांचा व्हिडिओ काढला. सपाट पोट, दोरखंडासारखे दंड, मागून प्रोटीनचा आवाज: वय एकसष्ट, रहस्य एकच, सोळा तास उपाशी. महिन्याभरात जिममधल्या दहा-बारा जणांनी सकाळचं खाणं सोडलं. फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोनपर्यंत तोंड बंद'. काकांनी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं. "मी करतो म्हणून तुम्ही करू नका," काका म्हणाले. लोकांना तो विनय वाटला. आपल्याकडे एखादा माणूस खरं बोलला की लोक त्याला थोर ठरवून मोकळे होतात.

आमच्याकडे येणाऱ्या बँकेतल्या मॅडमना एका सकाळी स्क्वॉट करताना भोवळ आली. काकांनी त्यांना पायरीवर बसवून तोंडात साखर घातली आणि नेहमीसारखे ओरडले, "उपास करायचा तर करा! घरी बसून करा, चाला, हलकं काही करा. रिकाम्या पोटी जड वजन? डोकं ठिकाणावर आहे का?" मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण बाई बँकेतली. त्यांनी सरळ विचारलं, "मग तुम्ही का नाही खात, मास्तर?"

काका रॉड पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

आता माझं सांगते. मीही सुरू केलं होतं. प्रोटीनच्या नादाने नाही. काकांना जमतं तर मला का नाही, हा निव्वळ आमच्या घराण्यातला हट्ट. पहिले आठ दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. मग सवय झाली. कंबर उतरली, अंगात हलकेपणा आला आणि बेंचवरचं वजन पन्नासवरून पंचावन्नवर गेलं. मला साठ मारायचे होते. अडचण एकच होती. जड वजनाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला काका आधी विचारायचे, "काय खाल्लंस?" मी बेधडक सांगायचे, "दोन अंडी, ब्रेड."

त्या दिवशी अकरा वाजले होते. पहिले दोन्ही बेंच अडलेले होते, म्हणून मी तिसऱ्यावर आडवी झाले. सपोर्टला काका मागे उभे राहिले. साठ किलो. मी रॉड उचलला, छातीला टेकवला, जोर लावला. अर्ध्यावर असताना डोळ्यांपुढे कडेकडेने अंधारी आली. मला माझी बोटं दिसत होती, पण ती माझी वाटत नव्हती. ती उघडली.

रॉड माझ्यावर आला नाही. तो पडायच्या आधीच काकांच्या हातात होता. त्यांनी तो स्टँडवर ठेवला आणि तरीही सोडला नाही. मी उठून बसले तेव्हा ते रॉड धरूनच उभे होते.

"काय खाल्लंस?"

"दोन अंडी..."

"खरं सांग."

"काही नाही, काका."

त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. आवाज न चढवता. प्रोटीनसुद्धा मुकाट्याने बूट घालून गेला. सव्वाअकरा वाजता शटर खाली आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. काका पहिल्या बेंचवर बसले, माझ्याकडे न बघता.

"तुझ्या बापाला साडेसदुसष्ट किलोच्या गटात उतरायचं होतं," ते म्हणाले. "आदल्या दुपारपासून मी त्याला उपाशी ठेवला. पाणीसुद्धा घोट घोट. सकाळी नऊला वजन झालं. सदुसष्ट चारशे. शंभर ग्रॅमची जागा शिल्लक. उचलायचं होतं अकराला. मधल्या दोन तासांत सगळे खातात. तुझ्या आईने डब्यात दोन बटाटे उकडून दिले होते, एक त्याला, एक मला. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, जिंकेल त्याचं पुन्हा वजन करणार आहेत, काट्याबद्दल तक्रार आलीय."

"मग?"

"मी बटाटा काट्यावर ठेवला. दीडशे ग्रॅम भरला."

मला पुढचं कळलं होतं. तरी ते बोलत राहिले.

"तो म्हणाला, दादा, अर्धा खाऊ? मी म्हटलं, उचलून, पुन्हा वजन झालं की खा. त्याने ऐकलं. माझं सगळं ऐकायचा तो. मी माझा बटाटा खाल्ला. त्याच्यासमोर बसून. मला भूक लागली होती." काकांनी तळहात पँटला पुसले. "तिसऱ्या, शेवटच्या संधीला एकशेतीस किलो लावले. मी मागे होतो. अर्ध्यावर त्याची बोटं उघडली, आत्ता तुझी उघडली तशीच. माझे हात रॉडखाली होते, पण मला वाटलं तो काढेल. म्हणून हात जरा खाली ठेवले होते. रॉड गळ्यावर गेला."

बाहेर गोदामात कुणीतरी कपाट ओढत होतं.

"दुसरं वजन झालंच नाही," काका म्हणाले. "ती अफवा होती."

"आणि आई म्हणते ते? खाऊन गेले म्हणून?"

"घरी नेला तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं. खाल्लं होतं का हो त्यांनी? मी हो म्हटलं. बटाटा मी येताना वाटेत टाकून दिला होता. तेव्हापासून इथे कुणी वजनाखाली असलं की माझ्या घशाखाली काही उतरत नाही. हा काही उपास नाही. मला जमत नाही, एवढंच."

मला काकांचा भयंकर राग आला. बाप नसल्याचा राग माझ्याकडे पंचवीस वर्षं पडून होता, त्याला आता जागा मिळाली. मी उठून निघाले. शटरखालून वाकून बाहेर पडताना मागे पाहिलं, तर ते तिसऱ्या बेंचच्या मागे जाऊन उभे राहिले होते, तळहात वर करून. तेव्हा तो राग माझ्या हातून निसटला आणि तो धरायला मी थांबले नाही.

घरी आई मशीनवर होती. मी ठरवलं होतं, तिला सांगायचं नाही. तिचं ते एक वाक्य तिच्याकडे राहू द्यायचं. पण तिने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि पाय थांबवला.

"भावोजींनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून खालीच बसले. "तुला माहितीय?"

"डबा परत आला त्यात मिठाची पुडी होती. मी बांधून दिली तशी. भावोजी बटाटा नुसताच खातात. ह्यांना मिठाशिवाय घास उतरायचा नाही, पुडी ह्यांच्यासाठी होती." तिने सुईतला दोरा काढला आणि पुन्हा ओवला. "तेव्हाच कळलं, उपाशी गेले."

"मग इतकी वर्षं त्यांच्यासमोर काय ते खाऊन गेले, खाऊन गेले?"

"त्या दिवशी त्यांचा चेहरा तू बघितला असतास तर तूही म्हटलं असतंस."

"आणि तुझा राग?"

"होता ना. पहिली दोन वर्षं मी त्यांना ताटही आपटूनच वाढलं. पण माणूस रोज जेवायला येतो समोर. किती आपटणार?" ती मशीनवर वाकली. "मला वाटलं, मी म्हणत राहिले की ते खायला लागतील. नाही लागले."

त्या रात्री वाढताना आई ते वाक्य बोलली नाही. काकांनी दोनदा वर बघितलं. ते त्या वाक्याची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आईने माझ्या हातात डबा दिला. मी म्हटलं, "अजून दोन नाही वाजले." ती म्हणाली, "मला घड्याळ कळतं."

जिम भरलेली होती. काकांनी डबा पाहून कपाळाला आठी घातली. "आत्ता कशाला आणलास?"

"आईने दिलाय. उघडा म्हणालीय."

त्यांनी उघडला. आत दोन उकडलेले बटाटे होते आणि कागदाची एक छोटी पुडी, दोऱ्याने बांधलेली. काकांनी बटाट्यांकडे बघितलंच नाही. पुडी उचलून तळहातावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मागे कुणीतरी प्लेट आपटली, तरी ते हलले नाहीत.

"बटाटा टाकला मी त्या दिवशी," ते हळूच म्हणाले. "पुडी टाकायची राहिली."

मी मान हलवली.

"तिला तेव्हापासून माहितीय?"

"तेव्हापासून."

ते मटकन तिसऱ्या बेंचवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना त्यावर बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. प्रोटीन शेजारच्या बेंचवर रॉडखाली होता आणि बँकेतल्या मॅडम त्याला सपोर्ट देत होत्या. काकांनी दोऱ्याची गाठ सोडली. बटाटा फोडला, मीठ लावलं आणि तोंडात घातला. पहिला घास ते कितीतरी वेळ चावत राहिले. मला वाटलं, आता थुंकणार. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. घास उतरला.

"मास्तर!" प्रोटीन रॉड ठेवून ताडकन उठला. "अजून अकराही नाही वाजले! सोळा तास?"

काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरा बटाटा त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"अर्धा नको," ते म्हणाले. "अख्खा खा."