खोळीचं पाणी

"म्हातारबा मापात नळाचं पाणी ओततोय बहुतेक," सर हसत ड्रायव्हरला म्हणाले. मी मागच्या सीटवर होते. हवामान खात्याच्या ऑफिसात नवी होते, सरांसमोर तोंड उघडत नसे.

डिंभे गावात पाऊस मोजणाऱ्या आजोबांचा आकडा रोज रडारच्या आकड्याच्या दुप्पट यायचा. आजच्या तपासणीत तो खोटा ठरला, तर त्यांच्या साऱ्या पावसाळ्याच्या नोंदी रद्द होणार होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. पर्जन्यमापकाजवळ येताच आजोबांनी डोक्यावरची प्लॅस्टिकची खोळ काढून लांब ठेवली.

"बाबा, भिजाल की!" ड्रायव्हर ओरडला.

"भिजू द्या. खोळीचं पाणी आत गळालं, तर त्यो पाऊस न्हाई व्हत."

मग ते उकिडवे बसले आणि पाण्याच्या रेषेला डोळा लावून त्यांनी काचेचं माप वाचलं. कालपासूनचा पाऊस आजही रडारच्या दुप्पट होता.

"मग आमचं रडार खोटं का?" सरांनी विचारलं.

"त्ये मला काय ठावं, सायेब? हितं ढग लई खाली बसत्यात."

मी वर पाहिलं. ढग डोंगराच्या माथ्याखाली होते. रडारचा झोत लांब जाईल तसा उंच होत जातो, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. इथे तो माथ्यावरून, या खालच्या ढगांच्याही वरून जात होता. मला एकदम हलकं वाटलं.

"सर," मी मोठ्याने म्हणाले, "आजोबांचा आकडा बरोबर आहे. रडारला या खालच्या ढगांचा पाऊस दिसतच नाही."