नानांना ऐकू न आलेला श्वास

नाना गेले तेव्हा मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यातल्या आवाज तपासायच्या खोलीत होते. गिअरबॉक्स फिरवायचा, कान देऊन ऐकायचं आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. त्या खोलीत फोन नेता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर काकूंचे, म्हणजे नानांच्या बायकोचे, चार मिस्ड कॉल. त्यांनी आजवर मला कधी फोन केला नव्हता. मी लगेच उलट फोन लावला. "गेले माय," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. मी लिहायला बसले आहे ती नानांची थोरवी गायला नाही. या माणसाबद्दल मला वीस वर्षं कुतूहल होतं, आणि त्यातली पंधरा वर्षं एक खोटं मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पैठण गेटच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर, अंग चोरून चढावं लागणाऱ्या जिन्याने वर गेलं की नानांचं रेकॉर्डचं दुकान. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिथे पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीच्या लग्नासाठी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट शोधत. नाना म्हणाले, "ते खाली चौकात मिळंल. आलीच हायस तर बस." मला वाटलं, आता विचारतील, तुला कोणतं संगीत आवडतं? मीही दोन भारी नावं मनात जुळवून ठेवली. "आवड नको सांगू," ते म्हणाले. "राहती तिथं सकाळी पहिला आवाज कशाचा येतो?" मी म्हटलं, हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटारीचा. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गंभीरपणे विचारलं, "चालू होतानाचा बरा वाटतो का बंद पडतानाचा?" हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी विचार केला आणि म्हटलं, बंद पडतानाचा. नाना उठले, तिसऱ्या फळीवरून एक रेकॉर्ड काढली, कव्हर पाठीमागे लपवलं आणि सुई ठेवली. परदेशातलं कुठलंसं मोठं तंतुवाद्य होतं, खर्जात उतरत उतरत जाणारं... मी हललेसुद्धा नाही. मोटारीवरून हा माणूस तिथवर पोचला कसा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

दुकानाचा नियम एकच होता. रेकॉर्ड घेऊन जायची, आठ दिवस ऐकायची आणि परत येऊन नानांना ऐकू न आलेलं असं तिच्यातलं काहीतरी एक सांगायचं. ते पटलं तर पुढची रेकॉर्ड. नाही पटलं तर तीच घेऊन पुन्हा घरी. कितीही मोठा माणूस येवो, यातून सुटका नव्हती. पैठणहून एसटीने एक पैठणी विणणारे गृहस्थ येत. नानांनी त्यांना तबल्याची रेकॉर्ड दिली होती. आठ दिवसांनी ते म्हणाले, "नाना, दुसऱ्या बाजूला मधीच एका जागी त्याचा डावा हात थकलाय, अन् ते झाकायला तो उजव्यानं जोर लावतोय." नानांनी तिथल्या तिथे सुई फिरवून तीन वेळा ऐकलं. मग दोन दिवस येईल त्याला ते चहा पाजत होते.

हा कान त्यांना आला कुठून, ते मी एकदा खोदून खोदून विचारलं. अजिंठ्याकडच्या एका खेड्यात त्यांचं घर मेंढरं राखणारं. लहानपणी बापाने त्यांना डोळे मिटून बसवायचं आणि गळ्यातल्या घंटीवरून कोणतं मेंढरू कुठे चाललंय ते ओळखायला लावायचं. "चुकलो की पाठीत धपाटा," नाना म्हणाले. "पण लंगडं मेंढरू मला दिसायच्या आधी ऐकू यायचं." पुढे शहरात येऊन रेडिओच्या दुकानात झाडलोट केली. कॅसेटी आल्यावर लोकांनी रेकॉर्डी भंगारात काढल्या, तेव्हा हातगाडीवर घालून या बाबाने त्या गोळा केल्या. लोक त्यांना खुळा म्हणत. हल्ली कॉलेजची पोरं रेकॉर्डी शोधत जिना चढायला लागली, तेव्हा नाना मला म्हणाले होते, "खुळ्याचा बाजार भरला बघ."

आता माझ्या खोट्याकडे येते. नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती. नानांनी मला सारंगीची एक रेकॉर्ड दिली आणि म्हणाले, "याच्या पुढची तर लई भारी हाय." त्या आठवड्यात आई आजारी, घरात पाहुणे, रेकॉर्ड कव्हरातून बाहेरसुद्धा निघाली नाही. पण ती 'पुढची' मला हवी होती. हावरटपणाच, दुसरं काय. मी जिना चढता चढता एक थाप तयार केली आणि वर जाऊन ठोकून दिली, "नाना, दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, तारांवरचा गज थांबल्यावर, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो." नाना म्हणाले, "व्हय? मला नाय आला कधी." आणि त्यांनी पुढची रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली.

तिथेच संपलं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण नाना ती सारंगी येईल त्याला द्यायला लागले. "शेवटाला श्वास हाय म्हणते ही पोरगी, बघा सापडतो का." आणि गंमत अशी, की तो लोकांना सापडायला लागला! दुकानात नेहमी येणारे एक वकीलसाहेब म्हणाले, स्पष्ट येतो. एक संगीताच्या शिक्षिका तर म्हणाल्या, एक नाही, दोन श्वास आहेत. मी घाबरले. रेकॉर्ड मागून नेली आणि हेडफोन लावून चार वेळा ऐकली. गज थांबतो, सुईची खरखर येते, बाजू संपते. श्वास नाही. बारीकशा खरखरीवरून गिअरबॉक्स नापास करणारी मी, मला तर ते ताबडतोब सांगायला हवं होतं. पण नाना मला सगळ्यांत तेज कानाची समजत होते, आणि ते मला फार आवडत होतं.

गेल्या काही वर्षांत नाना बदलले होते. रेकॉर्ड लागली की स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसायचे. नवीन काही आलं की म्हणायचे, "तूच ऐक अन् सांग मला, सगळं सांग, घाई करू नको." त्यांनी निवडून दिलेलं मात्र तसंच काळजात बसायचं. मला वाटलं, वयाची लहर असेल. त्यांच्या जाण्याच्या दोन महिने आधी मी ठरवूनच गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. म्हटलं, "नाना, त्या सारंगीचं मला काही सांगायचंय." ते वळले आणि हसून म्हणाले, "व्हय, औंदा गर्मी लईच हाय." मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय आणि माझी लाज राखायला ते विषय टाळताहेत. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मीही उन्हाळ्यावरच बोलले आणि जिना उतरले.

तेराव्यानंतर काकूंनी मला दुकानात बोलावलं. नाना बसायचे त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं, आम्ही दोघी खाली चटईवर बसलो. "तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "त्यायला चार वरसं झाली, काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून समजून घ्यायचे, पाठ वळली की काहीच नाय. गिऱ्हाइकाला कळू देऊ नको म्हणले. बहिऱ्याकडून रेकॉर्ड कोण घेईल? तुम्ही सांगायचे ना, त्यावरच दुकान चाललं होतं." आम्ही सांगितलेलं सगळं त्यांनी डोक्यात लावून ठेवलं होतं आणि एकाने ऐकलेल्यावरून ते दुसऱ्याला रेकॉर्ड निवडून देत होते. आणि त्यात माझं खोटंही होतं.

काकू पुढे बोलतच होत्या. "तुझे लई उपकार हायेत बघ. तू तो सारंगीतला श्वास सांगितला ना? चार जणांला ऐकू आला, त्यायला काही येईना. रेकॉर्ड घरी आणली, पेटीला कान लावून बसले, जेवले नाय. म्हणले, माझा कान गेला. मंग कानाच्या डॉक्टरकडं गेले. तो म्हणला, कान चाललेत, हळूहळू जातील. तवापासून ह्या फळीपासून त्या फळीपर्यंत सगळं ऐकून घेतलं त्यायनी, एकूण एक. तू नसती तर ते ऐकायचंच राहिलं असतं."

उपकार... किती सोपं होतं ते मान खाली घालून घेणं. नाना नव्हते, कोणाला काही कळणार नव्हतं. पण काकूंचा हात माझ्या हातावर होता आणि तो मला सहन होईना. मी सगळं सांगितलं. न ऐकलेली रेकॉर्ड, जिन्यात रचलेली थाप, चार वेळा ऐकून केलेली खात्री, पंधरा वर्षांची चुप्पी. सांगताना मला रडू आलं नाही, नुसती लाज वाटत होती.

काकूंनी हात काढून घेतला. "म्हंजे तिथं काहीच नव्हतं?"

"नाही काकू."

"मंग त्या दिवशी त्यायनी बरोबर ऐकलं होतं की." त्या म्हणाल्या. "अन् मरेस्तोवर म्हणत राहिले, एवढं ऐकलं पण तो एक श्वास काही मला घावला नाय."

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, रिकाम्या स्टुलापाशी गेल्या, वाकल्या, आणि चार वर्षांच्या सवयीने, खालच्या शिंप्याची मशीन थांबावी इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आवो, ऐकलं का? नव्हताच तो!"