मागच्या सीटवरचे मेहुणे

पृथ्वीच्या पाठीवर गाडी चालवणारे पुष्कळ आहेत आणि गाडीत बसणारे त्याहून पुष्कळ आहेत, पण नुसतं मागच्या सीटवर बसून, डोळे मिटून, गाडीला नेमकं काय होतंय ते सांगणारा माणूस एकच जन्माला आला आणि तो नेमका माझा मेहुणा झाला. माझ्या बायकोचे हे मोठे भाऊ, आणि आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो. गडचिरोलीच्या जंगलात, आलापल्लीच्या पुढे, बंदोबस्ताला असलेल्या एका लहानशा दलात ते मेकॅनिक होते. दल कसलं, आठ-नऊ गाड्या आणि साठ-सत्तर माणसं! पण भाऊंच्या तोंडी त्याचं नाव कायम 'आपली फौज', आणि ते अशा काही ताठ मानेने म्हणत की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं.

मोटारीतली सगळी अक्कल पुढे असते, इंजिनात आणि स्टिअरिंगमध्ये, असं आपण सामान्य माणसं समजतो. भाऊंना ते मुळीच मान्य नाही. "समोर बसणाऱ्याले गाडी दिसते जवाई, मागं बसणाऱ्याले गाडी समजते," असं ते मला पहिल्या भेटीत म्हणाले. ती पहिली भेट म्हणजे माझं लग्न. नवरदेवाला मंडपात न्यायला जी जीप आली, तिच्यात मी पुढे हार घालून आणि भाऊ मागे डोळे मिटून. मंडप दोनशे पावलांवर दिसत होता, बँड वाजत होता, आणि भाऊंनी जीप थांबवली. पांढरा सफारी घातलेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध जीपखाली शिरला. बँडवाल्यांनी तीन गाणी संपवली, पहिलं पुन्हा सुरू केलं, तेव्हा कुठे भाऊ बाहेर आले आणि म्हणाले, "नट ढिला होता, आता चालते." आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या मागे एक माणूस उभा आहे, त्याचा अर्धा सफारी पांढरा आहे आणि अर्धा काळा.

'चालते' हा भाऊंचा सर्वोच्च सन्मान. त्यापलीकडे कौतुकाचा शब्द त्यांच्याजवळ नाही. आमच्या भद्रावतीहून चंद्रपूरला जाताना एसटीत पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी ते मागच्या चाकावरची सीट धरतात, जिथे बसून इतरांची हाडं खिळखिळी होतात. चंद्रपूर आलं की उतरून ड्रायव्हरला गाडीचं दुखणं सांगतात. सुरुवातीला ड्रायव्हर चिडत. "काका, तुमी पॅसेंजर आहा का इन्स्पेक्टर?" असं एकाने विचारलंही होतं. पुढे तोच ड्रायव्हर स्टँडवर भाऊ दिसले की खिडकीतून हाक मारू लागला, "या भाऊ, बसा मागं, आज डावीकडून घरघर येऊन राह्यली." माझ्या स्कूटरवर तर ते पंधरा वर्षं मागे बसताहेत, आणि पंधरा वर्षांत ती एकदाही 'चालते' झालेली नाही. दर वेळी खांद्यावर टपली बसते आणि मागून आवाज येतो, "जवाई, आवाज येऊन राह्यला."

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतली हालहवाल ऐकतात. घरी आले की तोच स्क्रू-ड्रायव्हर आमच्या फ्रिजला, मिक्सरला आणि पाण्याच्या मोटरला लागतो. एकदा मला खोकला झाला होता, तेव्हा तो हातात घेऊन ते माझ्याकडे बघत बसले होते. मी तेवढ्यात उठून डॉक्टरकडे गेलो.

पण या सगळ्या प्रेमाचं मूळ ठिकाण होतं ती दलाची चिलखती गाडी. जाड पत्र्याची, छोट्या खिडक्यांची, मागे दोन बाकांवर समोरासमोर माणसं बसवणारी. दलाकडे ती आली तेव्हाच अर्धं आयुष्य दुसरीकडे काढून आली होती. भाऊ तिला 'बाई' म्हणत आणि तिच्याबद्दल बोलताना मी शिकवतो त्या शाळेच्या मोठ्या बाईंबद्दल बोलावं इतक्या अदबीने बोलत. तिला पुसायला नवं कापड चालत नसे. त्यासाठी धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियनच लागे. त्यामुळे आमच्या नात्यात कुणाच्याही बनियनला पहिलं भोक पडलं की ते भाऊंच्या नावाने बाजूला निघे. एका साखरपुड्यात नवरदेवाच्या वडिलांना त्यांनी, "तुमचे जुने बनियन काय करता?" असं विचारलं होतं. तरी ते लग्न झालं.

आता या बनियनांची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी भामरागडच्या रस्त्यावर बाईंच्या खाली सुरुंग फुटला. एक चाक रानात गेलं, पायाखालचा जाड पत्रा आत वाकला आणि चिरला, पण आतली सात पोरं आपापल्या पायांनी बाहेर आली. कान बधिर झाले होते, एवढंच. गाडी ओढून आणली तेव्हा भाऊंनी आधी पोरं मोजली. दोनदा मोजली. मग ते बाईंच्या खाली शिरले. तसा पत्रा कुठे मिळेना, म्हणून अकरा दिवस खपून त्यांनी तो सरळ केला आणि वेल्डिंगने सांधला. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये, असं काम. त्या सात पोरांच्या पुढे कुठे कुठे बदल्या झाल्या, पण आजही त्यांच्यापैकी कोणी जुनं बनियन फेकत नाही. दिवाळीच्या सुमाराला भाऊंच्या नावाने पुडकी येतात.

आणि तरीही, बाईंना आता घरी बसवा आणि पोरांना नवी गाडी द्या, हा हट्टही भाऊंचाच होता. दर वर्षी ते वरिष्ठांना अर्ज द्यायला लावत. दर वर्षी हिवाळ्यात तपासणीला कोणी साहेब येत. कागदावर रकाने होते: इंजिन, ब्रेक, दिवे, टायर. साहेब सागाच्या सावलीत चहा घेत उभे राहत. ड्रायव्हर किल्ली फिरवी आणि बाई पहिल्याच झटक्याला सुरू होत. 'वाहन सुस्थितीत आहे, वापर सुरू ठेवावा,' असा शेरा पडे. पायाखालच्या पत्र्याचा रकाना कागदावर नव्हताच. शेरा ऐकून भाऊ दिवसभर मिशीत हसत आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसत. त्यांचा हात चांगला होता म्हणून नवी गाडी येत नव्हती.

"भाऊ, आठ दिवस हात नका लावू तिले. पडू द्या साहेबासमोर बंद," असं ड्रायव्हरने सुचवलं. हा ड्रायव्हर सिरोंच्याकडचा, बाईंवर भाऊंच्या खालोखाल जीव असलेला. भाऊंना पटलं. हात शिवशिवायला नकोत म्हणून ते रजा टाकून आमच्याकडे भद्रावतीला आले. पहिल्या दिवशी त्यांनी आमचा पंखा उघडला, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची शिलाई मशीन. तिसऱ्या दिवशी जेवताना हातातला घास खाली ठेवून उठले आणि पिशवी उचलली.
"कुठी चालला रे भाऊ?" बायकोने विचारलं.
"परवा तपासणी आहे. पाहुण्यासमोर बाई मळक्या कपड्यात उभ्या राहतीन. मले नाई पाहवत."
त्या वर्षीही शेरा पडला, वाहन सुस्थितीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र तपासणी मे महिन्यात आली. शाळेला सुट्टी होती, आम्ही दोघं भाऊंच्या क्वार्टरवर राहायला गेलो होतो आणि त्यांचा डबा घेऊन मी दलाच्या फाटकाशी, मोहाच्या झाडाखाली उभा होतो. या वेळचे साहेब तरुण आणि उत्साही होते. नवी गाडी कशाला, हिलाच नवं इंजिन टाकू, एसी बसवू, आणखी दहा वर्षं चालेल, असं ते सगळ्यांना समजावत होते. बाई अर्थातच पहिल्या झटक्याला सुरू झाल्या. साहेबांनी पेन काढलं आणि भाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, एक चक्कर मारू. तुमी मागं बसा."
"मी पुढे बसतो ना."
"समोर कोणीबी बसते साहेब. पोट्टे मागं बसतेत."

साहेब भला माणूस. भाऊंनी पुढे केलेलं जाकीट आणि हेल्मेट त्यांनी घातलं आणि आत शिरले. भाऊ समोरच्या बाकावर बसले. दार लागलं आणि गाडी भामरागडच्या दिशेने गेली.

तासाभराने ती परत आली. साहेब उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. ते एका रिकाम्या ड्रमवर बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले. आत काय झालं ते मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं. जाताना भाऊ डोळे मिटून बसले. परत येताना त्यांनी साहेबांच्या पायाखालची चटई उचलली आणि म्हणाले, "सुरुंग इथी लागला होता साहेब. आता तुमचे पाय आहेत तिथी."
साहेब वाकून बघत राहिले. "हे वेल्डिंग कोणी केलंय? दिसतसुद्धा नाही."
"मी."
"उत्तम आहे."
"उत्तमच आहे. पण ते वेल्डिंग आहे, पत्रा नाई. एक मार त्यानं खाल्ला. दुसरा खाईन म्हणून मी सांगू शकत नाई. इंजिन कितीबी नवं टाका, माझा पोरगा इथी बसला असता त मी त्याले उतरवलं असतं."

ड्रमवर बसून घाम पुसत साहेब म्हणाले, "मग तुम्हाला हे लेखी द्यावं लागेल. तुमचं स्वतःचं काम भरवशाचं नाही, असं. तुमच्या सहीने."

माझ्या हातातला डबा मला जड झाला. या माणसाच्या हातून गेलेली गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती. ज्या कामाचा त्यांना जन्मभर सगळ्यात जास्त अभिमान होता, त्याच कामावर त्यांनी आता स्वतःच्या हाताने काट मारायची होती. भाऊंनी साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, बनियनला पुसले, कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं की पायाखालच्या पत्र्याची दुरुस्ती मी केली असून तिच्यावर माणसं बसवू नयेत. खाली पूर्ण नाव घालून सही केली. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "आणा डबा, भूक लागली." मेहुण्यांचा अभिमान वाटणं ही गोष्ट नवऱ्यांच्या जातीला शोभत नाही, पण मला त्या दिवशी वाटला आणि अजून वाटतो.

पाऊस सरून रस्ते मोकळे झाले तेव्हा नवी गाडी आली. पोरं आत बसली, भाऊ त्यांच्यात मागे, डोळे मिटून. परत येईपर्यंत सगळं दल अंगणात उभं होतं. भाऊ उतरले, चाकाला एक लाथ मारली आणि म्हणाले, "चालते." ड्रायव्हर सांगतो, अशी टाळी नव्या साहेबांच्या स्वागतालाही पडली नव्हती.

बाईंना लिलावासाठी भद्रावतीजवळच्या एका आवारात आणून ठेवायचं होतं. ते काम भाऊंनी मागून घेतलं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. भाऊंना आणायला मी स्कूटर घेऊन गेलो, तेव्हा ते पिशवीतून एकेक बनियन काढून बाईंना पुसत होते. आवाराचा रखवालदार हसत होता.
"भाऊ, भंगारात चालली गाडी. काऊन पुसून राह्यले?"
भाऊंचा हात थांबला नाही. "सात जणायले घरी आणलं तिनं. मळकी कशी सोडू?"
थोड्या वेळाने रखवालदाराने पाण्याची बादली आणून शेजारी ठेवली.

परतताना भाऊ माझ्या मागे बसले. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकातून आठवडाभर असा खडखडाट येत होता की मलासुद्धा ऐकू यावा. मी खांद्यावरच्या टपलीची वाट बघत होतो. कोळशाचे ट्रक गेले, रेल्वेचं फाटक गेलं, आमची गल्ली जवळ आली, तरी मागून काही शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, आवाज येतो का हो?"
"येऊन राह्यला."
"मग बोलला नाहीत?"
"येऊ द्या. चालते म्हणून येते."
पंधरा वर्षांत माझ्या स्कूटरला तो शब्द पहिल्यांदा मिळाला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. घर आलं होतं, तरी मी गावाला आणखी एक चक्कर मारली.